पाच जुने टायर, एक नवा

पाणसळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहत होतं. बाहेर त्याची कुणी चौकशी करत नसे. गवंडी भिंतीची पातळी बघायला जी बुडबुड्याची नळी ठेवतो, तिला पाणसळ म्हणतात, आणि रस्तेखात्याच्या त्या यार्डात एकच माणूस असा होता की ज्याला ती लागत नसे. हा माणूस नुसता बसायचा. बाक असो, स्टूल असो, मोठ्या साहेबांसमोरची खुर्ची असो, टेकल्याबरोबर चेहऱ्यावर दाढ ठणकल्यासारखी कळ उमटायची आणि शब्द यायचे, "मागचा उजवा पाय दोन कागद कमी आहे." दोन कागद घातले की खुर्ची बसायची. तीन लागले असं झालं नाही. साहेबांनाही हे मान्य करावं लागलं होतं, फक्त त्यांनी ते लेखी दिलं नव्हतं.

पाणसळे ग्रेडर चालवत. सहा चाकांचं, लांब मानेचं यंत्र. पोटाखाली दोन पुरुष लांबीचं पोलादी पातं. त्या पात्याने कच्च्या रस्त्यावरचा मुरूम खरवडायचा, पसरायचा, आणि रस्त्याला मध्यापासून काठाकडे बेताचा उतार द्यायचा. उतार कमी पडला तर पाणी रस्त्यातच मुक्काम करतं, जास्त झाला तर पाण्याबरोबर रस्ताही निघून जातो. हा बेत बाकीचे ऑपरेटर दुर्बीण लावून, पट्टी धरून साधत. पाणसळे पातं उचलून केलेल्या रस्त्यावरून एक शेवटची फेरी मारत आणि बुडाखाली काय लागतं ते बघत. कमी वाटलं तर आणखी एक हात. बरोबर वाटलं तर इंजिन बंद. "बैठक सांगते," एवढंच स्पष्टीकरण ते देत.

अशी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या एका जुन्या मोरीतून बाहेर आलेल्या सळईने ग्रेडरचा मागचा डावा टायर बगलेतून उभा चिरला.

टायरवर डॉक्टरी चालणार नव्हती. मिस्त्रीने चिरेत चार बोटं घालून पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "गेला." मिस्त्री आणि पाणसळे एकाच वर्षी कामाला लागलेले. मिस्त्रीचं बोलणं थोडं होतं आणि त्यातलं बरंचसं झोंबणारं होतं.

ते सहा टायर बारा वर्षांपूर्वी एकदम आले होते. एका ट्रकमधून, अंगावर रबराच्या बारीक लवेसकट. ते चढवायच्या दिवशी उस्ताद आले होते. उस्ताद म्हणजे पाणसळ्यांच्या आधीचे ऑपरेटर; पाणसळ्यांना घडवलं ते त्यांनी. तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, चालताना काठी लागत होती, पण कुणीतरी सांगितलं आणि ते रिक्षा करून यार्डात हजर झाले. सहाही टायरांवर एकेकदा काठी आपटून त्यांनी आवाज ऐकला, आणि कलिंगड घेणाऱ्याच्या थाटात मान हलवली. "आता ही घडी मोडू नकोस," म्हणाले. त्यानंतर ते यार्डात आले नाहीत, वर्षभरात गेलेच.

पाणसळ्यांनी घडी मोडली नाही. यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की ठरावीक तासांनी डावीकडचे टायर उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे करावेत. दर वर्षी मिस्त्री जॅक घेऊन यायचा आणि दर वर्षी पाणसळे त्याला परत पाठवायचे.

"उस्ताद सांगून गेलेत."

"उस्तादांनी पुस्तक वाचलं नव्हतं."

"त्यांना लागत नव्हतं," पाणसळे म्हणायचे, आणि विषय संपायचा.

स्टोअरमधून नवा टायर आला तेव्हा पाणसळे यार्डाच्या फाटकापर्यंत सामोरे गेले आणि तिथेच थांबले. नंबर तोच, कंपनी तीच, नक्षी मात्र वेगळी. जुन्याच्या जाड, सरळ पट्ट्या. ह्याच्या नागमोडी, मधे मधे फटी. आणि उंची. झिजलेल्या जुन्याशेजारी उभा केल्यावर नवा दोन बोटं वर निघाला.

"हा आपला नाही," पाणसळे म्हणाले.

"आपलाच आहे. सुधारित आवृत्ती," स्टोअरकीपर म्हणाले. ते हे अशा सुरात म्हणाले, जशी काही टायरला प्रस्तावनाही जोडली आहे. "जुना माल बंद झाला."

"मग दोन द्या. शेजारचाही बदलतो. जोडी तरी जमेल."

"फाटले किती?"

"एक."

"मग एक."

मिस्त्रीने पाणसळ्यांना बाजूला घेतलं. ह्या अडचणीवर सगळ्या यार्डांत चालणारा एक उपाय होता. "शेजारच्याला एक छिन्नी मारतो. उद्या दुसरा येतो. आजवर सगळ्यांनी हेच केलंय."

पाणसळ्यांनी शेजारच्या टायरकडे पाहिलं. कडा गोल झालेल्या, एका बाजूला जुन्या डांबराचा डाग वाळलेला. रबरच ते. पण त्याच्यावर काठी आपटलेली त्यांनी पाहिली होती.

"चांगला आहे तो," ते म्हणाले. "चांगल्याला कशाला मारायचं?"

"मग बस वाकडा," मिस्त्री म्हणाला आणि नवा टायर चढवला.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण पंचवीस वर्षं ओलांडलेल्या यंत्राला नवा भाग बसवला की त्याची चाचणी घेतल्याशिवाय ते कामावर सोडायचं नाही असा नियम होता, आणि ग्रेडरचं सव्विसावं चालू होतं. चाचणी म्हणजे दोनशे मीटर रस्ता. मध्यापासून काठापर्यंत दहा सेंटिमीटर उतार. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल. जमलं तर ठीक. नाही जमलं तर ग्रेडर भंगारात, आणि पाणसळे उरलेले आठ महिने स्टोअरमध्ये, स्टोअरकीपरांच्या शेजारच्या टेबलावर. त्या टेबलाच्या पायाचं कागदाने भागणार नव्हतं, हे पाणसळ्यांना ठाऊक होतं.

चाचणी घ्यायला नव्या इंजिनियर मॅडम आल्या. वय पाणसळ्यांच्या धाकट्या मुलीएवढं, टोपी मोठी, बोलणं मोजकं. त्यांनी दुर्बीण तिकाटण्यावर लावली आणि सावलीत उभ्या राहिल्या. "काका, तुमच्या पद्धतीने करा," म्हणाल्या. "मी शेवटी बघेन."

पाणसळे वर चढले, बसले, आणि चेहऱ्यावर दाढेची ती कळ उमटली. डावी बाजू उचललेली. सरळ जमिनीवर उभं असलेलं यंत्र त्यांना उजवीकडे लवंडल्यासारखं वाटत होतं. पंचवीस वर्षांचं घर, आणि कुणीतरी येऊन सगळं सामान एक वीत सरकवून गेलेलं. तरी त्यांनी हात चालवला. मुरूम पात्यापुढे वळ्या करत निघाला, काठाला लागला, बसला. शेवटच्या फेरीला बैठक म्हणाली, सपाट आहे अजून. त्यांनी आणखी एक हात मारला. अजून थोडं. आणखी एक. मग ओळखीचा उतार बुडाखाली आला, आणि पाणसळ्यांनी इंजिन बंद केलं.

पट्टी धरणारा माणूस काठाने चालत गेला. मॅडम दुर्बिणीतून बघत आकडे सांगत होत्या आणि स्वतःच लिहीत होत्या. "चौदा. साडेतेरा. चौदा. चौदा."

पाणसळ्यांना वाटलं, त्या दुसऱ्याच कुठल्या रस्त्याचे आकडे सांगताहेत.

"सगळीकडे सारखंच चुकलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. थोडं कुतूहलच होतं. "हात तुमचा पक्का आहे, काका. चूकसुद्धा एकसारखी आहे. शनिवारी पुन्हा करू. तोपर्यंत यंत्र तपासून घ्या."

"टायर उंच आहे," पाणसळे म्हणाले. "यंत्र वाकडं झालंय."

ते यंत्र त्यांनी सरळ यार्डात नेलं, काँक्रीटच्या ओट्यावर उभं केलं आणि मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने मागच्या सांगाड्यावर आडवी पाणसळ ठेवली, वाकून पाहिलं, मग ती उलटी फिरवून पुन्हा ठेवली. मग पाणसळ्यांनाच वाकायची खूण केली.

बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे होता.

"यंत्र सरळ आहे," मिस्त्री म्हणाला. "आता तूच उरलास."

मग मिस्त्रीने पाणसळ्यांना हाताला धरून चाकांभोवती फिरवलं. उजवीकडच्या टायरांच्या पट्ट्या अजून अंगठ्याएवढ्या खोल होत्या. डावीकडे शिल्लक राहिलेल्या पट्ट्यांत नखही बुडत नव्हतं. काठाची खडी नेहमी डाव्या चाकांनी खाल्लेली. बारा वर्षं यंत्र डावीकडे बसत गेलं होतं, महिन्याला केसभर. आणि त्याच्याबरोबर, तेवढंच, पाणसळे. रस्ते बरोबर होत राहिले, कारण कललेल्या बैठकीला कललेला माणूस बरोबर बसला होता. नव्या टायरने यंत्र उचलून जाग्यावर आणलं. माणूस तिथेच राहिला.

"दर वर्षी जॅक घेऊन येत होतो," मिस्त्री म्हणाला. एरवी त्याने हे वाक्य आठवडाभर चघळलं असतं. त्या दिवशी एकदाच म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

घरी जाऊन पाणसळे खुर्चीत बसले. खुर्ची छान लागली. आज ते त्यांना आवडलं नाही.

"तुझ्या वडिलांची पाणसळ कुठे आहे?" त्यांनी बायकोला विचारलं.

तिचे वडील सुतार होते. तिला मागणी घालायला पाणसळे पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या खुर्चीवर बसून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं होतं, "डावा पाय एक कागद कमी आहे." आतून कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला होता. सासरे उठले, पाणसळ आणली, खुर्चीवर ठेवून बराच वेळ बघत राहिले, आणि मग आतल्या बाजूला म्हणाले, "ह्यांना जेवून जाऊ दे."

तीच ती पाणसळ. लाकडी, कोपरे पितळेचे. बायकोने ती ट्रंकेतून काढून दिली. पाणसळ्यांनी ती आपल्या खुर्चीवर ठेवली. मग खाटेवर. मग भांड्यांच्या फळीवर, शेगडीवर, दाराजवळच्या स्टुलावर. ह्या प्रत्येक वस्तूखाली कधी ना कधी त्यांनी स्वतः कागद घातले होते. घरातलं एकूण एक सामान डावीकडे झुकलेलं होतं, आणि सगळं सारखंच झुकलेलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"पातेल्यात तेल टाकलं की डावीकडे पळतं," बायको म्हणाली. "पाच-सहा वर्षं तरी झाली असतील."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, तेलाला काय कळतं."

पाणसळ्यांना हे आठवत नव्हतं, पण वाक्य आपलंच आहे याबद्दल त्यांना शंका वाटली नाही.

मग त्यांनी अंगणात एक फळी टाकली. उस्तादांनी त्यांना असंच शिकवलं होतं. बाविसाव्या वर्षी पाणसळे रस्त्यावर पाणी मारायच्या कामावर लागले होते आणि उस्तादांच्या मागे लागून लागून ग्रेडरजवळ पोचले. पण पोचल्यावर तीन महिने त्यांना लिव्हरला हात लावू दिला नाही. शेडमधे दोन विटांवर फळी, फळीवर पाणसळे, डोळे मिटलेले. उस्ताद पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते फळीच्या कुठल्यातरी टोकाखाली सरकवायचे आणि विचारायचे, कुठली बाजू वर? चुकलं की बोलायचे नाहीत, फक्त खोकायचे. त्या खोकल्याची पाणसळ्यांना एवढी दहशत बसली की एकदा उस्तादांना खरोखर सर्दी झाली, तर ह्यांनी चार दिवस बरोबर उत्तरं बदलून बदलून चूक केली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते एका पत्त्याचा फरक सांगू लागले. उस्तादांनी तो पत्ता, चौकट सत्ती, त्यांच्या खिशात घातला. "झालास," म्हणाले. शाबासकी म्हणून त्यांनी आयुष्यात उच्चारलेला तो एकच शब्द.

आता बायको पत्ते सरकवत होती. पाणसळे डोळे मिटून बसले होते.

"सरळ," ते म्हणाले.

"डावी बाजू नऊ पत्ते खाली आहे."

"पुन्हा."

"सांगा."

"उजवीकडे कललंय."

"आता एकही पत्ता नाही. नुसती फळी."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. फळी तीच, पत्ते तेच, उत्तर तेच. एकही पत्ता न घालता ते उजवीकडे पडत होते, आणि नऊ पत्त्यांवर त्यांचं समाधान होत होतं. बारा वर्षांत जे अंगात शिरलं ते दोन दिवसांत निघणार नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी ते फळीवरून उठले आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.

"जमत नाही," ते म्हणाले. हे वाक्य बायकोने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "उस्ताद असते तर खोकून खोकून मेले असते."

बायकोने पत्ते गोळा केले. "मी एक विचारू? तेल डावीकडे जातं, तर मी काय करत असेन असं वाटतं तुम्हाला?"

"काय?"

"मी शेगडीशी भांडत नाही. जाणार आहे डावीकडे, हे धरून चालते. पातेलं थोडं फिरवते, उजवीकडे जास्त ओतते. मनाला वाटतं, चुकतंय. कडेपर्यंत जातं बरोबर." ती पत्ते पेटीत घालत म्हणाली, "तुम्ही खोटं बसायला लागलाय, तर लागू दे ना. किती खोटं ते कळलंय आता. नऊ पत्ते. तेवढं धरून चाला."

"म्हणजे बैठक अजून एक हात मार म्हणेल तेव्हा थांबायचं?"

"ती दोन हात म्हणेल. तरी थांबायचं."

आयुष्यभर जिचं ऐकलं तिला मधेच गप्प करायचं, ही गोष्ट पाणसळ्यांना चोरीसारखी वाटत होती.

शनिवारी सकाळी मॅडम आल्या, पट्टीवाला आला, मिस्त्री बोलावलं नसताना आला आणि एका दगडावर बसला. पाणसळे वर चढले. यंत्र उजवीकडे पडत होतं. नाही, पडत नव्हतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि कामाला लागले.

मुरूम पसरला. काठ धरला. शेवटची फेरी मारली. बैठक म्हणाली, सपाट. एवढा सपाट की पाणी उभं राहील, लोक नावं ठेवतील. पाणसळ्यांचा हात लिव्हरवर गेला. तो तिथे किती वेळ होता हे मिस्त्रीने नंतर यार्डात रंगवून सांगितलं. कधी एक मिनिट, कधी पाच. एकतीस वर्षांत त्यांनी रस्ता अर्धवट टाकला नव्हता, आणि हा अगदी धडधडीत अर्धवट होता. त्यांनी हात काढला, मांडीखाली दाबून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने इंजिन बंद केलं.

"दहा," मॅडम म्हणाल्या. "दहा. साडेनऊ. दहा. दहा."

त्यांनी दुर्बीण सोडली आणि ग्रेडरजवळ आल्या. पाणसळे अजून खाली उतरले नव्हते.

"बरोबर आलंय, काका. तुम्हाला कसं वाटलं?"

"वाकडं," पाणसळे म्हणाले.

मॅडमनी कागदावर 'योग्य' लिहिलं आणि सही केली. "तसंच करत राहा," म्हणाल्या.

मग तसंच चाललं. रोज सकाळी पाणसळे वर चढत, उजवीकडे पडत, सपाट रस्ते करत आणि ते अर्धवट टाकून घरी जात. मागून दुर्बीण येई आणि दहा सांगून जाई. सुरुवातीला त्यांना दुपारी मळमळायचं. मॅडमनी एकदा त्यांना गोळी दिली. बोटीवर जाणाऱ्यांना देतात ती. मिस्त्रीने आता जॅक आणून टायर अदलाबदल करून द्यायची तयारी दाखवली, तर पाणसळे म्हणाले, "राहू दे, मोठ्या मुश्किलीने हिशेब बसलाय." मिस्त्रीला हे उत्तर ओळखीचं वाटलं.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ते खाणीकडच्या रस्त्यावर काम करत होते. मागे मुरमाचा ट्रक थांबलेला. त्यांनी शेवटची फेरी मारली, आणि बैठक म्हणाली, झालं. त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून पट्टीने स्वतःच मोजलं. दहा. पुन्हा वर चढून बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आज काहीच वाकडं लागत नाहीये. यंत्र सरळ होतं, आणि ते सरळ लागत होतं.

त्यांना बरं वाटायला हवं होतं. ते जुनी बैठक आठवू लागले. उस्तादांचा खोकला आठवला, काठीचा आवाज आठवला, नव्या रबराचा वासही आला. ती कललेली बैठक मात्र काही केल्या आठवेना. बारा वर्षं जिच्यावर बसून शेकडो मैल रस्ते केले, ती नक्की कशी लागत होती. त्यांनी डोळे मिटले आणि उजवी मांडी थोडी उचलून अंग डावीकडे टाकलं. एवढं का? की अजून थोडं? थोडं आणखी कलून ते तसेच बसून राहिले.

ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं हो? कंबर धरली का?"

"नाही, नाही," पाणसळे म्हणाले. ते सरळ बसले, इंजिन चालू केलं, आणि ट्रकला वाट देण्यासाठी ग्रेडर काठाला घेतला.